नंबरचा गॉगल



मागच्या व्याख्यानाला मी आलो तेव्हा माझा डावा हात गळ्यात बांधलेला होता. शेवटी एका ताईंनी विचारलं, "सर, हाताला काय झालं?" मी म्हटलं, सायकलवरून पडलो. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न, "या वयात सायकल?" तो मी हसून टाळला, कारण तोच प्रश्न घरीही रोज विचारला जात होता. आज त्याचं उत्तर देतो. उत्तराला साधारण पाचशे वर्षं लागतील, तेव्हा जरा सैलावून बसा.

मी पडलो तो नंबरच्या गॉगलमुळे. आता हा शब्द बघा. इंग्रजीत गॉगल म्हणजे वेल्डिंग करणाऱ्याचा किंवा पोहणाऱ्याचा, डोळ्यांना चिकटून बसणारा चष्मा. आपण मराठीत तो शब्द उचलला आणि उन्हाच्या प्रत्येक काळ्या चष्म्याला लावला. चष्मा हा फारसीतून आलेला, चश्म म्हणजे डोळा. संस्कृताळलेल्या मंडळींचं उपनेत्र आहेच. आणि चाळिशी हा आपला खास शब्द. जे वय, तेच त्या वयात लागणाऱ्या वस्तूचं नाव. ज्याला नंबर आहे आणि ज्याला उन्हातही हिंडायचं आहे, त्याच्यासाठी मात्र आपल्याला दोन शब्द जोडावे लागले. ही जोडणी भाषेत सोपी गेली, काचेत फार उशिरा जमली.

मुळापासून सांगतो. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या शेवटी आला. आपल्याकडे तो कधी आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. गोडे हे अजब संशोधक होते. इतर लोक राजांच्या वंशावळी शोधत, हे रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूंचा इतिहास शोधत. चष्म्यावर त्यांनी लिहिलं, त्यात विजयनगरच्या व्यासरायांचा दाखला आहे. सोळाव्या शतकातले हे मोठे माध्व आचार्य. त्यांच्या सोमनाथकृत चरित्रात ते डोळ्यांवर काचा लावून पोथी वाचताना दिसतात. पोर्तुगीज १४९८ ला कालिकतला उतरले, १५१० ला त्यांनी गोवा घेतला. काचा कुठल्या वाटेने आल्या असतील, ते तुम्हीच ताडा.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की व्यासराय बसलेले आहेत. सावलीत बसलेले आहेत. पुढे चारशे वर्षं चष्मा हा बसलेल्या माणसाचाच राहिला. पोथी, हिशेबाची वही, शिवण. डोळ्यांवर काच ठेवून भर उन्हात वेगाने जाणारा माणूस त्या काच घासणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हताच. स्पिनोझा पोटासाठी काचा घासत असे, हे मी वर्गात पंचवीस-तीस वर्षं सांगितलं. तो त्या सूक्ष्मदर्शकासाठी आणि दुर्बिणीसाठी घासायचा. तिथेही बघणारा माणूस एका जागी स्थिरच.

हलणारा माणूस आला तो सायकलबरोबर. १८८५ मध्ये स्टार्लीची 'रोव्हर' आली, दोन सारख्या चाकांची, आजच्या सायकलची आजी. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर केला. आणि त्याच १८८८ सालापासून किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मोजतात, ती बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकत होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं आणि रंगकाम सुटलं. मग यंत्रांची रेखाटनं आणि पुढे सायकली. म्हणजे मराठी मुलखातल्या सायकलच्या धंद्यामागे डोळ्यांचा एक दोष उभा आहे. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून वाट वाकडी करून सांगितली.

आता नागपूर. मी महालात वाढलो आणि मॉरिस कॉलेजला सायकलने जायचो. महाल पूर्वेला, कॉलेज पश्चिमेला सीताबर्डीत. सकाळी जाताना सूर्य पाठीशी, संध्याकाळी परतताना तोही पश्चिमेला गेलेला, म्हणजे पुन्हा पाठीशीच. चार वर्षांत उन्हाने माझे डोळे दिपले असं मला आठवत नाही, आणि मला वाटायचं की माझे डोळे चांगले आहेत! पुढे अंबाझरीकडे घर केलं आणि नोकरी लागली नंदनवनच्या बाजूला. सगळं उलटं झालं. सकाळी सूर्य समोर, संध्याकाळी सूर्य समोर. तोवर मला नंबरही लागला होता, उणे साडेतीन. आपलं शहर २१ अंश अक्षांशावर. २६ मेच्या सुमाराला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायाशी जाते. पण सायकलस्वाराला डोक्यावरचा सूर्य छळत नाही, टोपीने भागतं. छळतो तो सकाळी आठचा आणि संध्याकाळी पाचचा. टोपीच्या खालून येतो.

मग गॉगल का नाही घेतला? त्या काळी आमच्याकडे काळ्या चष्म्याचे तीनच मालक होते. एक अंध माणूस. दुसरा, डोळे आलेला किंवा मोतीबिंदू काढलेला. आणि तिसरा, वाया गेलेला मुलगा. साधा चष्मा लावला की हुशार, त्याच काचा काळ्या केल्या की टवाळ. माझ्या वडिलांना हा फरक इतका स्पष्ट दिसत असे की त्यावर चर्चा नव्हती. प्राध्यापकाने गॉगल लावून वर्गात येणं तर सोडाच. आम्ही डोळे बारीक करून सायकली हाकल्या. माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या त्यातल्याच आहेत.

एक मधली वाट होती, आणि तुमच्यातल्या साठीपुढच्यांना तिचं नाव आठवेल. क्रुक्स! दुकानात जाऊन आपण म्हणायचो, "काच क्रुक्स टाका." हा क्रुक्स कोण? सर विल्यम क्रुक्स, लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांना मोतीबिंदू फार होत, तो टाळण्यासाठी कशी काच करावी, हा प्रश्न त्यांच्याकडे आला. त्यांनी शेकडो मिश्रणं करून पाहिली आणि १९१३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडले. सेरियमसारखी द्रव्यं काचेत मिसळली की दिसणारा प्रकाश फारसा न अडवता न दिसणारे घातक किरण अडतात. विचार करा, भट्टीवरच्या मजुराच्या डोळ्यांसाठी निघालेली काच पुढे आमच्या कारकून-मास्तरांच्या नाकावर आली. रंग इतका फिका की वडिलांनाही तो गॉगल वाटला नाही.

क्रुक्सच्या कामात एक गोष्ट होती, जी आपण नंतर विसरलो. काळेपणा वेगळा आणि संरक्षण वेगळं. अतिनील किरण, म्हणजे साधारण ४०० नॅनोमीटरच्या खालचे, डोळ्याला दिसत नाहीत. त्यामुळे ते अडले की नाही हेही डोळ्याला कळत नाही. आजची पॉलिकार्बोनेटची काच अगदी पांढरी असली तरी ते जवळजवळ सगळे अडवते. उलट फुटपाथवरचा काळाकुट्ट गॉगल ते अडवेलच असं नाही. आणि काळोखामुळे बाहुली मोठी होते, म्हणजे दार उघडून चोराला आत घेतल्यासारखं. दुकानदाराकडे तपासायचं छोटं यंत्र असतं. मागा, लाजू नका.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लँडने ध्रुवीकरण करणारा पातळ पापुद्रा तयार केला. त्याच्यामागे एक गमतीची गोष्ट आहे. १८५२ मध्ये इंग्लंडात हेरापथ नावाच्या डॉक्टरच्या शिष्याने कोयनेल दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकलं आणि हिरवे स्फटिक निघाले. तेच स्फटिक लँडने वापरले. आज हजारो रुपये मोजून पोलराइज्ड काच घेताना हे पूर्वज लक्षात असू द्या. ही काच तलावावरची आणि डांबरावरची चकाकी मारते. फुटाळ्याच्या काठावरून जाताना स्वर्ग वाटतो. पण पावसाळ्यात ओल्या रस्त्याची चकाकीच आपल्याला सांगत असते की इथे घसरशील. तीही ती मारते. शिवाय काही मोबाइलचे आणि सायकलच्या मीटरचे पडदे तिच्यातून काळे दिसतात.

१९६४ च्या सुमाराला कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी काच आणली. आपण तिला फोटोक्रोमॅटिक म्हणतो. नंबरवाल्याला वाटलं, सुटलो. पण या काचेचा स्वभाव बघा, ती थंडीत जास्त काळी होते आणि उष्णतेत कमी. म्हणजे हिमालयात उत्तम आणि नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा खरी गरज, तेव्हा अर्धीमुर्धी. आणि पुन्हा पांढरी व्हायला तिला वेळ लागतो. चालणाऱ्याला तेवढा वेळ असतो. सायकलवाल्याला नसतो.

आता माझ्या पडण्याकडे येतो. निवृत्तीनंतर मी सकाळी अमरावती रस्त्याने वाडीपर्यंत जातो. जाताना सूर्य पाठीशी, येताना तोंडावर. गेली दोन वर्षं येताना समोरचं सगळं पांढरं पडायला लागलं. दुकानात गेलो, दुकानाचं नाव घेत नाही. मुलगा भला होता. म्हणाला, "हा घ्या सर, एकदम डार्क, उन्हाचा पत्ताच नाही लागणार. आणि प्रोग्रेसिव्ह टाकून देतो, वाचायलापण येईल." फ्रेमही छान, कानशिलापर्यंत वळलेली. मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारायला शिकवलं, आणि तिथे एकही प्रश्न विचारला नाही.

ऑक्टोबरातली सकाळ, साडेआठ. लख्ख उन्हातून एका उड्डाणपुलाखाली शिरलो आणि अंधार झाला. काळी काच, पुलाची सावली, आणि सत्तरीपुढचे डोळे. ढोबळमानाने, विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या तिसरा हिस्साच साठीत पोचतो, आणि अंधाराला सरावायलाही वेळ लागतो. समोर एक काळा डाग दिसला. मला वाटलं सावली. शंकराचार्यांच्या दोरीला साप समजणारा निदान घाबरून थांबतो तरी. मी खड्ड्याला सावली समजलो आणि सरळ गेलो. मनगट मोडलं.

प्लास्टर चढल्यावर बसून हिशेब केला. काच फार काळी, ही पहिली चूक. गॉगलच्या काचांचे शून्य ते चार असे वर्ग असतात. तिसऱ्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, चौथ्यातून ३ ते ८ टक्के, आणि चौथा तर गाडी चालवताना वापरायचाच नाही. माझा बहुधा तिसऱ्याच्या खालच्या टोकाचा होता. दुसरी चूक प्रोग्रेसिव्हची. त्या काचेचा खालचा भाग हातातलं पुस्तक वाचण्यासाठी असतो. आपल्या उभ्या बसायच्या सायकलवर चाकापुढचा रस्ता नेमका तिथूनच दिसतो, म्हणजे खड्डा मी वाचायच्या काचेतून पाहत होतो. वाकून शर्यतीची सायकल चालवणारा उलट काचेच्या वरच्या कडेतून बघतो, त्याचं दुखणं वेगळं. तिसरी चूक वळलेल्या फ्रेमची. सपाट फ्रेमसाठी काढलेला नंबर वळलेल्या काचेत तसाच टाकला तर कडेची रेघ वाकडी दिसते आणि नंबर जितका मोठा तितकी जास्त. तो वळणाप्रमाणे पुन्हा बसवून घ्यावा लागतो, नाहीतर बाहेर बिननंबरी गॉगल आणि आत नंबरची छोटी क्लिप, हा जुना उपाय बरा.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही. जवळपास बारा दिवस. तिथे घड्याळ थांबत नाही, दिवस आणि रात्र दोन्ही सायकलवरच. एका काचेत सगळं मागणारा मी, हे वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. दोन चष्मे लागतात, तर दोन घ्यावेत.

आता मी काय केलं ते सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधी गेलो, जे आधीच करायला हवं होतं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदूची सुरुवात आहे, म्हणूनच समोरच्या उन्हात सगळं पांढरं होतं, प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो. ऑपरेशननंतर नंबर बदलेल, तेव्हा महागाची काच आत्ता करू नका. ही एक गोष्ट त्या दुकानात मला कोणी विचारली नव्हती आणि मी सांगितली नव्हती. मग साधी पॉलिकार्बोनेट, फक्त दूरचा नंबर, दुसऱ्या वर्गाची, म्हणजे १८ ते ४३ टक्के प्रकाश येऊ देणारी. रंग तपकिरी, कारण त्यात खड्ड्याची कड मला राखाडीपेक्षा बरी दिसते. पोलराइज्ड नको म्हटलं. फ्रेम थोडीच वळलेली, पण गालाजवळ बसणारी, वाडीच्या ट्रकांची धूळ येऊ नये म्हणून. दुकानाच्या बाहेर उन्हात उभा राहून पाहिलं, मग जिन्याखालच्या अंधारात जाऊन पाहिलं. पायऱ्या मोजता आल्या, तेव्हा पैसे दिले.

सायकल सुरू आहे. घरून एक अट आहे. हिने सांगितलंय, "पुलाखाली उतरायचं आणि हातात धरून चालत जायचं." मी मान्य केलंय. आता तुमचे प्रश्न घेऊ.