न्याहारीचा तवा आणि ज्वारीचा फेरा

मंडळी, सकाळच्या खाण्याला आपल्याकडे दोन शब्द आहेत. एक न्याहारी आणि दुसरा नाश्ता. शेतावर जाणारा न्याहारी करतो, कचेरीत जाणारा नाश्ता करतो, एवढाच काय तो फरक. दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि गंमत अशी, की मुळात या दोन्ही शब्दांचा अर्थ खाणं असा नाहीच. ‘नाहार’ म्हणजे सकाळपासून पोटात काही न गेलेला. ‘नाश्ता’ म्हणजेही तेच, उपाशी. इंग्रजीतला ब्रेकफास्ट हा शब्द घ्या. त्याचाही अर्थ उपास मोडणं. म्हणजे या सगळ्या शब्दांनी आधी भूक पाहिली आणि मग ताटाकडे नजर टाकली.

आज या भुकेच्या आणि ताटाच्या इतिहासाबद्दल थोडं बोलायचं आहे, आणि तेही आपल्या परभणी जिल्ह्याच्या. निमित्त मात्र परदेशी पदार्थाचं आहे. वॉफल नावाचा हा पदार्थ आता मोठ्या शहरांत दुकानांतून मिळतो आणि काही घरांत विजेचं यंत्र आणून केलाही जातो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन तापलेल्या लोखंडी साच्यांच्या मध्ये सरसरीत पीठ ओतून, दाबून भाजलेलं जाडसर धिरडं, ज्याच्या अंगावर चौकोनी खळगे उमटलेले असतात. वरून मध किंवा पाक घालतात, तो त्या खळग्यांत साठतो.

घरात मुलंबाळं सकाळी असलं काही मागू लागली, की वडीलधारी माणसं म्हणतात, ‘हे काय नवीन खूळ? आमच्या वेळी असं नव्हतं.’ त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्यांच्या वेळी काय होतं, हेही एकदा नीट पाहिलं पाहिजे.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी न्याहारी म्हणजे बहुतेक वेळा रात्रीची भाकरी. ज्वारीची शिळी भाकरी, तिच्यावर तेल-तिखट, बुक्कीनं फोडलेला कांदा, असलंच तर ताक. लवकर निघायचं असेल किंवा लांब जायचं असेल तर धपाटे, कारण ते दोन दिवस टिकतात आणि दह्याबरोबर छान लागतात. शिळी भाकरी कुस्करून तिला फोडणी दिली, की तो पोरांसाठी चैनीचा दिवस. सकाळी उठून, फक्त न्याहारीसाठी म्हणून, गरम आणि ताजा पदार्थ करायचा, ही रीत सर्वसाधारण घरात नव्हतीच. ती सणाची, पाहुण्याची किंवा वाड्यातल्या माणसांची गोष्ट होती.

असं का? आळस म्हणून नाही. कारण होतं पीठ. आज डब्यात हात घातला की पीठ निघतं. तेव्हा ते रोज दळावं लागे. घरातली बाई पहाटे, अंधार असतानाच जात्यावर बसे. दळण झालं की पाणी, मग झाडलोट, मग दिवसभराच्या भाकरी. एवढ्यात सूर्य वर यायचा आणि शेत बोलवायचं. या सगळ्यात वेगळा नाश्ता करायला वेळ कुठला?

आपल्या जिल्ह्याला जात्याबद्दल वेगळं सांगायला नको. गोदावरीकाठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही बाई, आणि तिच्या मदतीला साक्षात विठ्ठल येऊन जातं ओढतो, ही कथा लहानपणापासून आम्ही ऐकत आलो. आमच्या गल्लीत ती हिंदूंच्या घरात सांगितली जाई आणि मुसलमानांच्या घरातही. मी जेव्हा कविता लिहू लागलो तेव्हा या कथेचा दुसरा अर्थ दिसायला लागला. बाईच्या कष्टाला हात लावायला देव आला, असं लोकमनानं कल्पिलं. घरातला पुरुष आला, अशी कल्पना करणं मात्र त्या काळी बहुधा देवापेक्षाही अवघड असावं.

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. आधी इंजिनावर चालणाऱ्या, मग विजेवरच्या. जात्याची घरघर थांबली आणि तिच्याबरोबर ओव्याही मागे पडल्या. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी पुढे एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केल्या, नाहीतर त्या गेल्याच असत्या. ओव्या हरवल्याचं दुःख कवी म्हणून मलाही आहे. पण जातं गेल्याचं दुःख मी करणार नाही. ज्यांनी कधी खुंटा हाती धरला नाही, त्यांनी जात्याच्या आठवणीनं हळवं व्हावं, हे मला पटत नाही. गिरणीनं बाईची पहाट तिला काही प्रमाणात परत दिली. आणि त्या मोकळ्या झालेल्या वेळातूनच घरचा गरम नाश्ता जन्माला आला, असं मला वाटतं.

या नाश्त्यावर आपल्या भूगोलाची आणि राजकारणाची छाप आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे परभणीवरून जात होती, त्यामुळे हैदराबादचं येणं-जाणं नेहमीचं. तिथली सकाळची खिचडी आणि चिंच, तीळ, शेंगदाणे घालून केलेला खट्टा आमच्यासारख्या घरांत पोचला. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि इकडचे पोहे-उप्पीट बसस्टँडच्या हॉटेलांतून घरात शिरले. आपली स्वतःची म्हणावी अशी सुशीला होतीच. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी दिली की झाली. तिचं हे नाव कुठून आलं, यावर ज्याची त्याची वेगळी कथा आहे.

आता तव्याकडे येऊ. ज्वारीच्या पिठात कांदा, जिरं, हळद घालून, सरसरीत कालवून तव्यावर घातलेलं धिरडं आपल्या सगळ्या घरांत होतं. गोड हवं असेल तर गुळाच्या पाण्यात कणीक कालवायची. माझी अम्मी त्याला चीले म्हणायची, शेजारच्या काकू धिरडी म्हणायच्या आणि गुळवणीबरोबर वाढायच्या. पीठ तेच, तवा तोच. थालीपीठ किंवा धपाटा थापताना बोटानं मधे भोक पाडतात, तेही शोभेसाठी नाही. त्या भोकातून तेल आत जातं आणि जाड भाग कच्चा राहत नाही.

वॉफलचे खळगे नेमकं हेच काम करतात. युरोपात मध्ययुगापासून लांब दांड्याचे, बिजागरीनं जोडलेले दोन लोखंडी पत्रे असत. त्यांच्यामध्ये पीठ घालून ते चुलीच्या आगीवर धरायचे. सणाच्या दिवशी चर्चच्या दाराशी असले पदार्थ विकणारे बसत. वॉफल या शब्दाचं नातं विणण्याशी आणि मधाच्या पोळ्याशी जोडतात. योगायोग पाहा, आपल्याकडे पोळी आणि पोळं हे शब्द शेजारी शेजारीच आहेत. खळग्यांमुळे पिठाला उष्णता जास्त ठिकाणी लागते, दोन्ही बाजू एकदम भाजल्या जातात, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ. डच लोकांबरोबर हा साचा अमेरिकेत गेला. २४ ऑगस्ट १८६९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यानं शेगडीवर ठेवून उलटता येईल अशा साच्याचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकात विजेचं यंत्र आलं आणि वॉफल घरोघरच्या सकाळचा पदार्थ झाला. म्हणजे तिथंही गरम न्याहारी घरोघरी पोचली ती कुणीतरी कष्ट हलके केल्यावरच.

आणि आता जे सांगतो ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. या वॉफलशी आपल्या ज्वारीची जुनी ओळख आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी रमली, की आपण तिला आपलीच लेक समजतो. तीच आफ्रिकेतून अमेरिकेतही गेली. १८५०नंतरच्या दशकात तिथं गोड ताटांची ज्वारी लावायला सुरुवात झाली. तिची ताटं उसासारखी पिळून, रस आटवून काकवीसारखा पाक करतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात हा ज्वारीचा पाक सकाळच्या धिरड्यांवर, वॉफलवर ओतून खाण्याची रीत आहे. म्हणजे आपण ज्वारीचं धिरडं करून वर गुळवणी घेतली, त्यांनी गव्हाचं धिरडं करून वर ज्वारीची काकवी घेतली.

पण ज्वारीचा हा फेरा इथं संपत नाही. त्याचा एक कडू टप्पा आपल्या जिल्ह्यानं भोगला आहे. १९७२चा दुष्काळ. मी तेव्हा कडेवरचं पोर होतो, पण घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली, की ती माझीच आठवण झाली आहे. विहिरी आटल्या, कणगी रिकाम्या झाल्या. माणसं खडी फोडायला, नालाबंडिंगला गेली. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर मिळे मिलो. लाल, परकी, चवीला नकोशी. तिची भाकरी करताना बायकांच्या डोळ्यांत पाणी येई, असं अम्मी सांगायची. ही मिलो म्हणजे दुसरं तिसरं काही नव्हतं, ती अमेरिकेत पिकलेली ज्वारीच होती. तिथं ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकते. ज्वारीच्या मुलखातल्या माणसांनी परदेशातून आलेल्या ज्वारीसाठी रांगा लावल्या. त्या वर्षी शिळी भाकरी हीसुद्धा श्रीमंती होती, कारण शिळी राहण्यासाठी ती आधी उरावी लागते.

दुष्काळ सरला, रोजगार हमी आली, तिचा १९७७ साली कायदा झाला. पण ज्वारीचा मान मात्र परत आला नाही. रेशनच्या गव्हानं आणि तांदळानं सवयी बदलल्या. भाकरी गरिबाची आणि पोळी बऱ्या घरची, असं आपणच ठरवून टाकलं. शेतातही खरिपाची ज्वारी मागे सरली, तिच्या जागी कापूस आणि सोयाबीन उभं राहिलं. ज्यांच्या रानातली ज्वारी गेली, त्यांच्या गोठ्यातला कडबाही गेला.

या उतरत्या काळातही परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारी सोडली नाही. १९७२ साली, म्हणजे त्याच दुष्काळी वर्षी स्थापन झालेल्या या विद्यापीठानं रब्बीसाठी ‘परभणी मोती’ हे वाण दिलं. २०१८ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हे वाण आणलं. साधारण ज्वारीच्या एका किलोत लोह सुमारे ३० मिलिग्रॅम असतं, या वाणात ते ४५च्या आसपास. जस्तही २०च्या जागी ३२. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी, हे प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं. ज्या घरात बाई सगळ्यांच्या शेवटी खाते, त्या घरात हे आकडे नुसते आकडे नाहीत. पुढे २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकारानं जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. गहू सोसत नाही असे अमेरिकेतले लोक आता वॉफलसाठी ज्वारीचं पीठ विकत घेतात. आपण जिला गरिबाची म्हणून ताटाबाहेर ठेवली, ती तिकडे महागाच्या पुड्यांत जाऊन बसली.

आमच्या लेकीनं मागे पुण्याहून ते विजेचं यंत्र आणलं तेव्हा घरात ज्वारीचाच प्रयोग झाला. वाटीभर ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, एक अंडं, दोन चमचे दही, थोडा गूळ, चिमूटभर सोडा आणि लागेल तेवढं पाणी. नुसत्या ज्वारीचं करून पाहिलं तर ते साच्यातच तुटलं. त्याचं कारण भाकरी करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. ज्वारीला चिकटपणा नाही, म्हणून तर भाकरीसाठी उकळतं पाणी लागतं. इथं ते काम अंड्यानं आणि कणकेनं केलं. अंडं न खाणाऱ्यांनी कणीक थोडी वाढवावी. साचा चांगला तापू द्यायचा, पीठ घालायचं आणि मधेच उघडून पाहायचं नाही. वाफ यायची थांबली की झालं असं समजायचं. वर आम्ही गुळाचा पाक घेतला. घरातल्या म्हाताऱ्या फुफीनं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, ‘चीलाच तर आहे, कपडे तेवढे नवे.’ फुफीचं हे बोलणं मला अनेक पुस्तकांपेक्षा खरं वाटतं.

तेव्हा मंडळी, वॉफल आल्यानं आपली संस्कृती बुडेल, ही भीती मला वाटत नाही. खिचडी आली, पोहे आले, उप्पीट आलं, आपण सगळ्यांना जागा दिली. भीती वाटते ती वेगळी. साचा नवा घेताना आपण पीठही परकं घेऊ आणि आपल्याच शिवारातली ज्वारी विसरून जाऊ, ही. आणि दुसरी भीती त्याहून जुनी आहे. जातं गेलं, चूल गेली, गॅस आला, यंत्र आलं. तरीही पुष्कळ घरांत गरम नाश्ता सगळ्यांना मिळतो आणि करणारीच्या वाट्याला मात्र शेवटचं, गार झालेलं धिरडं येतं. न्याहारी या शब्दात उपाशी माणूस दडलेला आहे, हे सुरुवातीला सांगितलं. उद्या सकाळी आपल्या घरात तो माणूस कोण आहे, ते ज्यानं त्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहावं, आणि जमलं तर उलथनं थोडा वेळ आपल्या हातात घ्यावं.