जीवाणूंचे बारसे

आपल्याकडे मूल जन्मले की बारसे होते, आणि एकदा कानात सांगितलेले नाव बहुधा जन्मभर पुरते. शास्त्राच्या घरी हा सोहळा एवढ्या सुखासुखी पार पडत नाही. पाळण्यातले बाळ खरोखर नवे आहे की ओळखीच्याच घराण्यातले, याची तेथे आधी कसून चौकशी होते. आणि नाव ठेवून झाल्यावरही ती चौकशी संपत नाही. पुण्याशी निगडित असलेला याचा एक दाखला आम्ही येथे सांगणार आहोत.

जीवाणूंना पूर्वी रूपावरून आणि सवयींवरून ओळखीत. कोणी काडीसारखा, कोणी गोल; कोणी अमुक रंग धरणारा, कोणी तमुक साखर खाणारा. पण एवढ्याशा जीवाला रूप ते किती असणार? दिसण्यात जुळे भाऊ वाटणारे दोन जीवाणू कुळाने परस्परांपासून फार दूरचे असू शकतात. ही अडचण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वूज यांनी निराळ्या वाटेने सोडविली. प्रत्येक पेशीत प्रथिने घडविणारा एक कारखाना असतो. त्याच्या एका घटकाची रासायनिक अक्षरे पिढ्यान् पिढ्या नकलली जातात आणि फार सावकाश बदलतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील पाठभेद ताडून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे आपले पंडित ठरवितात ना, अगदी तशीच ही रीत. या रीतीने १९७७ साली वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की, जीवाणू म्हणून गणलेले काही जीव मुळी जीवाणू नव्हेतच. वंशवृक्षावरची त्यांची फांदीच वेगळी आहे.

आता आपल्या कथेकडे वळू. जीवसृष्टीचे बीज धूमकेतूंबरोबर अंतराळातून पृथ्वीवर आले असावे, असे मत इंग्लंडचे ज्योतिर्विद फ्रेड हॉइल व त्यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांनी मांडले होते. अनेकांनी ते हसण्यावारी नेले. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी मात्र हसण्याऐवजी पडताळा घेण्याचे ठरविले. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. त्याच्याबरोबर निर्जंतुक केलेल्या नळ्या होत्या. उंचावर गेल्यावर त्या उघडून तेथील विरळ हवा कोंडून घेतली गेली, आणि छत्रीच्या आधाराने त्या खाली आणल्या. नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केली. एकाच्या डोळ्यांवर विसंबायचे नाही, हा त्यामागचा विचार.

नमुन्यांत जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती उगवल्या. त्यांतील २७ ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेतून मिळालेले तीन जीवाणू ठाऊक असलेल्या कोणत्याच जातीत बसेनात. कारखान्याची अक्षरे जवळच्या नातलगांशी पुष्कळ जुळत होती. पण जात वेगळी की एकच, हे ठरविण्यास तेवढे पुरत नाही. म्हणून सबंध जनुकद्रव्य नातलगांच्या जनुकद्रव्याशी ताडून पाहण्यात आले. हे साम्य शेकडा ७० हून कमी भरले, तर जात वेगळी मानावी असा संकेत आहे. तिन्ही जीवाणू या कसोटीस उतरले. २००९ साली त्यांची बारशी झाली : जॅनिबॅक्टर हॉइलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. एक नाव गुरूचे, दुसरे भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे, तिसरे आमच्या पुरातन ज्योतिषाचार्याचे.

येथे मोठा मोह होता. जीवाणू अतिनील किरणांना आपल्या भूतलावरील नातलगांपेक्षा अधिक दाद न देणारे, नावात हॉइल, मग ते परग्रहावरून आले असे म्हणून टाकायला काय हरकत होती? संशोधकांनी ते म्हटले नाही. नवी जात म्हणजे परकी जात नव्हे. वंशवृक्षावर त्यांना पृथ्वीवरच्याच जीवांशेजारी जागा मिळत होती. त्यांचे परग्रहीय मूळ या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले. हॉइल यांचे नाव देऊन गुरुऋण फेडले. पण हॉइल यांचे मत सिद्ध झाले असे सांगून ते फेडले नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. संपूर्ण जनुकसंच वाचणे सोपे झाले, तशी बॅसिलस या अवाढव्य घराण्याची वाटणी सुरू झाली. २०१६ साली इस्रोनेन्सिस सोलिबॅसिलस वंशात गेला. २०२० साली आर्यभट्टाय प्रिस्टिया वंशात. जणू आडनाव बदलले, नाव तेवढे राहिले. हे शक्य झाले ते एका नियमामुळे. नव्या जातीचा मूळ नमुना निदान दोन देशांतील संग्रहांत जतन करावा लागतो. ज्याला शंका येईल त्याने तो मागवावा आणि पुन्हा तपासावा.

नाव बदलले म्हणजे आधीचे संशोधक चुकले, असे कोणी समजू नये. दगडावर कोरलेले नाव पुसायला छिन्नी लागते, आणि बहुधा भांडणही लागते. येथे मात्र नाव ठेवतानाच ते खोडण्याची सोय करून ठेवलेली असते. आपल्या मतांची बारशी करताना आपण एवढी सोय ठेवतो काय, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला आणि मग श्रोत्यांना विचारतो.