परिचारिकेची पाठ आणि यंत्राचं अस्वल

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं कुणाच्या वाट्याला येतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या कामाने कंबर कशी धरते, तेही ठाऊक आहे. या कामासाठी यंत्रमानव बनवणाऱ्या जपानची गोष्ट आज सांगते.

जपानमध्येही म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची सेवा हे सुनेचंच काम मानलं जाई. १९८३ साली केइको हिगुची यांनी बायकांची संघटना उभी केली. ही जबाबदारी एकट्या सुनेची नाही, समाजाचीही आहे, असं त्या सांगत राहिल्या. एप्रिल २००० मध्ये सरकारने शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून हप्ता भरायचा आणि म्हातारपणी गरज पडली की मदत घ्यायची. काम घराबाहेर आलं, त्याला पगार मिळू लागला. पण करणाऱ्या बहुतेक बायकाच राहिल्या. पगार कमी, माणसं अपुरी आणि पाठदुखी तीच. शेवटी २०१३ मध्ये सरकारनेच सूचना काढली, की रुग्णाला शक्यतो नुसत्या हातांनी उचलू नये, साधन वापरावं.

मग यंत्रं आली. २०१५ मध्ये रिकेन या संशोधन संस्थेने ‘रोबेअर’ दाखवला. अस्वलासारखा हसरा चेहरा आणि माणसाला पलंगावरून अलगद उचलणारे दोन हात. त्याचं स्वतःचं वजन १४० किलो. फोटो जगभर छापून आले, पण हे अस्वल कधी बाजारात आलंच नाही.

जी यंत्रं आली, त्यांचं काय झालं? जेम्स राइट या अभ्यासकाने जपानमधल्या एका वृद्धाश्रमात जाऊन ते पाहिलं आणि २०२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. उचलण्याचं यंत्र थोड्याच दिवसांत बाजूला पडलं. ते खोलीखोलीत ढकलत न्यायला वेळ जाई आणि आजी-आजोबांशी बोलणं राहून जाई. व्यायाम करून दाखवणारा यंत्रमानव होता, पण आजी-आजोबा त्याचं बघून हातपाय हलवेनात. शेवटी एक कर्मचारी त्याच्या शेजारी उभी राहून तेच हातवारे करू लागली. म्हणजे एका माणसाचं काम वाचलं नाही, उलट यंत्राला एक माणूस लागला.

‘त्यांना नवं काही नकोच असतं,’ असं कुणी म्हणेल. पण तसं नव्हतं. २००५ पासून विकला जाणारा ‘पारो’ हा मऊ केसांचा यंत्र-सील कुशीत घेऊन पुष्कळ आजी शांत होतात. गादीखाली बसवलेलं, रुग्ण उठला की इशारा देणारं यंत्रही रात्रपाळीला उपयोगी पडतं. मात्र तिथेही एक मेख आहे. २०१८ मध्ये अशी यंत्रं बसवणाऱ्या वृद्धाश्रमांना रात्री जादा माणूस ठेवण्याच्या अटीत थोडी सवलत मिळाली. यंत्राने वाचवलेला वेळ बाईच्या विश्रांतीला मिळणार की तिच्या जागी माणूसच कमी होणार, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

मला यात एक गोष्ट दिसते. त्या बायकांनी यंत्राला चेहऱ्यावरून पसंत किंवा नापसंत केलं नाही. पाठीला आराम पडतो का आणि माणसाजवळ बसायला वेळ उरतो का, हे त्यांनी पाहिलं. तो अडाणीपणा नव्हता, ती कामाची जाण होती.

आपल्या दवाखान्यात, घरात किंवा गटात उद्या कुणी ‘तुमच्यासाठी’ म्हणून यंत्र आणलं, तर आधी विचारा: हे ओढणार कोण, पुसणार कोण आणि वाचलेला वेळ कुणाचा? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.