ट्राउट : तलावातील गळमासेमारीची साधने व त्यांची जुळणी

स्थिर पाण्यातील ट्राउट गळाने धरण्यासाठी रॉड, रीळ, दोर, लीडर आणि आमिष परस्परांना साजेसे निवडून जोडण्याची पद्धत. येथे तपकिरी ट्राउट (साल्मो ट्रुटा) आणि इंद्रधनुषी ट्राउट (आँकोऱ्हिंकस मायकिस) या दोन जातींचा विचार केला असून, स्कॉटलंडच्या सरोवरांत रूढ झालेली, वाऱ्यावर वाहत जाणाऱ्या होडीतून फ्लाय टाकण्याची रीत मुख्य मानली आहे. फ्लाय म्हणजे पिसे, लोकर व धागे गळाच्या आकड्यावर गुंडाळून केलेला कृत्रिम किडा.

खोली : नदीत प्रवाह अन्न वाहून आणतो, म्हणून ट्राउट एक जागा धरून राहतो. तलावात त्याला अन्नासाठी हिंडावे लागते. तेव्हा तो किती खोलीवर आहे हे आधी ठरवून मग साधने जोडावीत. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो चांगला खातो. उन्हाने वरचा थर तापला की तो खाली उतरतो. मासा पृष्ठभागाजवळ असेल तर तरंगता दोर, हात-दोन हात खाली असेल तर सावकाश बुडणारा आणि त्याहून खोल असेल तर वेगाने बुडणारा दोर घेतात.

रॉड, रीळ व दोर : फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते, फेकला जातो तो दोर. म्हणून रॉडवर दोराचा क्रमांक छापलेला असतो आणि तो पाळावा लागतो. हा क्रमांक दोराच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ६ क्रमांकासाठी ते १६० ग्रेन, म्हणजे सुमारे १०.४ ग्रॅम असते. होडीतून १० ते ११ फुटी रॉड आणि ६ किंवा ७ क्रमांकाचा दोर सोयीचा पडतो. काठावरून काहीसा आखूड रॉड चालतो. रिळावर आधी बारीक, मजबूत पाठदोर भरतात व त्याला मुख्य दोर जोडतात. मोठा मासा लांब पळाला तर हाच पाठदोर कामी येतो.

लीडर : दोर आणि फ्लाय यांमधला पारदर्शक तंगूस. साऱ्या जुळणीत नाजूक भाग हाच, आणि मासा बहुधा इथेच सुटतो. पूर्वी तो रेशमाच्या किड्यापासून काढलेल्या तातीचा असे आणि वापरण्यापूर्वी भिजवावा लागे. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झाले. पुढे त्याने तातीची जागा घेतली. लीडर दोराकडे जाड व टोकाकडे बारीक असतो, टोकाला ०.१८ ते ०.२२ मिमी जाडी पुरते.

परंपरेने लीडरवर तीन फ्लाय बांधतात. दोन फ्लायमध्ये साधारण दीड मीटर अंतर ठेवतात. दोराच्या बाजूची फ्लाय झुपकेदार असते. रॉड उचलल्यावर ती पाण्यावर रेघ ओढते आणि मासा वर बघतो. मधली साधी असते, टोकाची सर्वांत जड. वरच्या दोन फ्लाय १० ते १५ सेंमीच्या फाट्यावर असतात. फाटा काढण्यासाठी तंगुसाचे दोन तुकडे शेजारी धरून त्यांचा फास करतात, त्यातून दोन्ही टोके तीन-चार वेळा ओवतात, गाठ लाळेने ओली करतात आणि सावकाश आवळतात. कोरडी गाठ घर्षणाने तापून कमजोर होते. उरलेल्या दोन टोकांपैकी खाली वळलेले फाट्यासाठी ठेवावे असे बहुतेक जाणकार सांगतात, पण याबाबत एकमत नाही. फ्लुओरोकार्बन माशाला कमी दिसतो की नाही, यावरही मतभेद आहेत.

होडी : होडी वाऱ्याला आडवी सोडतात. तिच्या मागे कापडी छत्रीसारखा अडसर पाण्यात टाकला की वेग मंदावतो. गळकरी वाऱ्याकडे पाठ करून समोर आखूड फेक टाकतो.

इतर आमिषे : फिरता धातूचा पत्रा (स्पिनर) हलक्या रॉडवर वापरतात. जिवंत किड्यांना अनेक तलावांत मनाई आहे.

मासा सोडणे : सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा व शक्यतो पाण्याबाहेर काढू नये, आकड्याचा काटा आधीच चिमट्याने दाबलेला असावा. काटा दाबणे हा जुळणीचाच भाग आहे, नंतर सुचणारी गोष्ट नव्हे.

भारतात : तपकिरी ट्राउट १९०० मध्ये स्कॉटलंडहून काश्मीरला आणला गेला व हारवन येथे वाढवला गेला. गंगाबल, विशनसर या उंचावरच्या सरोवरांत तो आढळतो. निलगिरीतील अ‍ॅव्हलांच व केरळातील मुन्नार परिसरात इंद्रधनुषी ट्राउट आहे. मासेमारीस परवाना लागतो. महाराष्ट्रातील धरणांचे पाणी त्याला फार उष्ण पडते; इथल्या गळकऱ्यांचा मानाचा मासा महसीर.