भिंतींवाचूनचे महाविद्यालय : पूर्व आफ्रिकेतील शल्यशिक्षण

दूरस्थ शिक्षणाचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा यंत्रापासून प्रारंभ करतात. शल्यविद्येच्या बाबतीत ही रीत दिशाभूल करणारी आहे, असे पूर्व आफ्रिकेच्या उदाहरणावरून म्हणावे लागते.

त्या प्रदेशातील शल्यविशारदांचा संघ १९५० साली स्थापन झाला. उच्च परीक्षेसाठी तरुण डॉक्टरांना त्या काळी ब्रिटनमधील रॉयल कॉलेजांची वाट धरावी लागे. गेलेल्यांपैकी कित्येक परतत नसत. या संघातूनच १९९९ साली पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेचे शल्यविशारद महाविद्यालय उदयास आले. त्यास 'भिंतींवाचूनचे महाविद्यालय' म्हणतात, व ते यथार्थ आहे. उमेदवाराने मान्यताप्राप्त रुग्णालयात, मग ते सरकारी असो वा मिशनचे, अनुभवी शल्यविशारदाच्या हाताखाली राबावयाचे. अभ्यासक्रम व परीक्षा मात्र सर्व देशांस एकच.

संगणक आला तो या व्यवस्थेच्या आश्रयाने. चालू शतकाच्या आरंभी टोरांटो विद्यापीठाने 'टॉलेमी' योजनेखाली आपल्या ग्रंथालयातील वैद्यकीय नियतकालिके पूर्व आफ्रिकेतील शल्यविशारदांना इंटरनेटद्वारा खुली केली. पुढे २००७ साली आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सशी सहकार्याचा करार झाला व त्यातून संगणकीय पाठशाळा चालू झाली. तीत एखाद्या रुग्णाची हकीकत मांडावयाची, निदान व उपचार उमेदवारांनी लिहून कळवावयाचे, आणि दूरच्या शिक्षकाने त्यावर अभिप्राय द्यावयाचा, असा क्रम असे. जेथे एका शल्यविशारदापाशी एखाददुसराच शिष्य असतो, तेथे सहाध्यायी मिळणे हाच मोठा लाभ होय.

परंतु निर्णयशक्ती अशा रीतीने घडली, तरी हात घडत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे हस्ताभ्यास यावर स्वतंत्र अध्याय आहे. कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनक्रिया गिरवण्यास तेथे सांगितले आहे, आणि बहुश्रुत असूनही असा अभ्यास न केलेला मनुष्य कर्मास अपात्र ठरवला आहे. आफ्रिकी महाविद्यालयाने शल्यगृहातील गुरू कायम ठेवून केवळ ग्रंथ व चर्चा दूरस्थ केली, हे त्याचे शहाणपण मानले पाहिजे.

१९७४ ते २०१३ या काळात त्या भागातील दहा देशांत शिकलेल्या शल्यविशारदांची पुढे गणना झाली, तेव्हा शेकडा सुमारे ८५ जण शिक्षण घेतलेल्या देशातच काम करीत असल्याचे आढळले. तीत विद्यापीठांचे पदवीधरही समाविष्ट असल्याने सर्व श्रेय या महाविद्यालयास देता येत नाही.