प्रोस्टेट कर्करोगावरील संप्रेरक उपचार आणि विस्मरणाची तक्रार

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या मार्गावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र या गावात आहे, त्यावरून गावाला मुक्तांबाळपुरम असेही म्हटले जात असे. तंजावर राज्यातील अशा छत्रांतून रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना अन्न आणि निवारा मिळे; वाटेत आजारी पडलेल्यांच्या औषधपाण्याचीही तेथे सोय असे. याच राजाने तंजावर येथे धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालवली. त्याच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. रुग्णाची स्थिती जशी दिसली तशी लिहून ठेवणे हा त्या नोंदींचा विशेष होय.

आज तंजावर परिसरातील मराठीभाषक कुटुंबातील एखाद्या वृद्धाला, किंवा पुणे, बेळगाव, इंदूर येथील त्याच वयाच्या गृहस्थाला, प्रोस्टेट कर्करोगासाठी संप्रेरक उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी एक निराळीच तक्रार जाणवू लागते. बोलताना ओळखीचा शब्द आठवत नाही. वाचलेला मजकूर दोनदा वाचावा लागतो. खोलीत कशासाठी आलो ते सुचत नाही. या अवस्थेला इंग्रजीत ब्रेन फॉग असे नाव रूढ झाले आहे. मराठीत बौद्धिक मांद्य म्हणता येईल. कर्करोगाच्या धास्तीपुढे ही गोष्ट क्षुल्लक ठरवली जाते आणि वयाच्या खात्यावर टाकली जाते. पुरुष रुग्ण ती बहुधा डॉक्टरांना सांगतच नाहीत. काही जण तर मनाशी ठरवून पुढचे इंजेक्शनच चुकवतात. खरा धोका येथे आहे.

उपचार कसा चालतो

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली असते. तिच्यातील कर्करोगाच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसल्या जातात, हे शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. (मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले ते त्याच वर्षी.) हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी टेस्टोस्टेरॉन थांबवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दोन्ही वृषण शस्त्रक्रियेने काढणे. कमी खर्चामुळे आणि एकदाच करावी लागत असल्याने भारतात ही शस्त्रक्रिया आजही केली जाते. पुढे मेंदूतून निघणारे नियंत्रक संप्रेरक ओळखले गेले. त्या संशोधनासाठी अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन १९७७ च्या नोबेलचे मानकरी ठरले. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारखी महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यावयाची इंजेक्शने त्यातून आली. या उपचाराने रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी प्रति डेसिलिटर ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणली जाते. आजार अधिक पसरलेला असल्यास अबिराटेरॉन, एन्झालुटामाइड यांसारख्या गोळ्या जोडल्या जातात.

टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव स्नायू आणि हाडांपुरता मर्यादित नाही. स्मरणाशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातही त्याचे ग्राहक आहेत. शिवाय पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासूनच इस्ट्रोजेन तयार होते. एकाचा पुरवठा आटला की दुसरेही घटते. त्यामुळे मेंदूच्या कामावर परिणाम व्हावा हे तर्काला धरून आहे. मात्र संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत हात व नजर यांचा मेळ घालण्याच्या आणि जागेची जाण लागणाऱ्या कामांत घट आढळली. काहींत उपचार घेणारे आणि न घेणारे यांत लक्षणीय फरक दिसला नाही. स्मृतिभ्रंशाच्या विकाराशी या उपचाराचा संबंध जोडणारे अभ्यास प्रसिद्ध झाले, तसे तो संबंध नाकारणारेही झाले. उपचारामुळे अल्झायमर होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि रुग्णाच्या तक्रारीला केवळ मनाचा खेळ म्हणणेही योग्य नाही. स्मृतीच्या संक्षिप्त चाचणीत गुण उत्तम मिळावेत आणि तरीही रुग्णाला आपली बुद्धी पूर्वीसारखी चालत नाही असे जाणवावे, असे घडते. चाचणी दहा मिनिटांची असते, संसार दिवसभराचा.

दोष नेहमी संप्रेरकाचाच नसतो

या तक्रारीमागे अनेकदा दुसरी, दुरुस्त होण्याजोगी कारणे दडलेली असतात आणि त्यांचा शोध घेणे हाच सर्वांत फलदायी भाग आहे. पहिले कारण झोपेचे. संप्रेरक उपचारात बहुसंख्य पुरुषांना अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे होते आणि घाम फुटतो. रात्रीत तीन-चार वेळा असे झाले, त्यात लघवीसाठी उठावे लागले, तर दुसऱ्या दिवशी डोके कसे चालणार? तंजावरसारख्या दमट प्रदेशात, उन्हाळ्यात वीज गेली असता, हा त्रास वाढला तर नवल नाही. सुती कपडे, रात्रीचे हलके जेवण, संध्याकाळनंतर कॉफी टाळणे (कावेरीकाठच्या माणसाला हे जड जाईल) यांनी थोडा उतार पडतो. त्रास तीव्र असल्यास त्यावर औषधे आहेत आणि ती मागण्यात संकोच नसावा.

परंतु औषधांतही एक गोम आहे. लघवीची घाई रोखण्यासाठी, आणि कधी या वाफांसाठीही, दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन हे औषध वृद्धांच्या स्मरणशक्तीवर स्वतःच परिणाम करू शकते. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, झोपेच्या गोळ्या आणि काही वेदनाशामके यांनीही सुस्ती येते. अबिराटेरॉनसोबत दिले जाणारे प्रेडनिसोलोन उशिरा घेतल्यास झोप उडू शकते. तेव्हा घरातील सर्व औषधे, दुकानातून चिठ्ठीविना आणलेली आणि वैद्याने दिलेलीही, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणे ही साधी युक्ती उपयोगी पडते.

दुसरे कारण रक्ताचे. टेस्टोस्टेरॉन घटल्यावर हिमोग्लोबिनही काहीसे खाली येते आणि थकवा वाढतो. शाकाहारी व्यक्तींमध्ये, तसेच मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते आणि तिचा स्मरणशक्तीवर थेट परिणाम होतो. हिमोग्लोबिन, ब-१२, थायरॉइड, रक्तशर्करा आणि सोडियम या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकतात. कमी ऐकू येणे हेही एक दुर्लक्षित कारण आहे: जे ऐकलेच नाही ते आठवणार कसे?

तिसरे कारण उदासीनता. या उपचारात कामेच्छा जाते, स्नायू सैल पडतात, पोट सुटते, कधी छाती भरते. घरातील कर्त्या पुरुषाला हे बोलून दाखवणे कठीण असते. मन खचले की लक्ष लागत नाही, आणि लक्ष न लागल्यामुळे जे मनात शिरलेच नाही त्याला विसरलो असे म्हटले जाते. उदासीनतेवर उपचार झाल्यास अनेकांची स्मरणाची तक्रारही कमी होते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी आणि तमिळसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते.

भाषेचा मुद्दा येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. घरात मराठी आणि बाजारात तमिळ बोलणाऱ्या माणसाला एखादा शब्द एका भाषेत चटकन आठवतो, दुसऱ्या भाषेत अडतो. हे निरोगी द्विभाषकांतही घडते. पण त्याची चाचणी त्याला कमी सवयीच्या भाषेत घेतली गेली तर गुण उगाच कमी येतील. माँट्रिअल कॉग्निटिव्ह असेसमेंट ही प्रचलित चाचणी मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषांत उपलब्ध आहे. कोणत्या भाषेत सोयीचे वाटते हे रुग्णाने आधीच सांगावे. चाचणी उपचारापूर्वी एकदा झालेली असेल तर पुढची तुलना अर्थपूर्ण ठरते.

नित्य व्यवहारात

या मांद्यावर खास असे सिद्ध औषध नाही. अल्झायमरसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा येथे उपयोग होतो असे दिसून आलेले नाही. बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांपासून सावध राहावे, आणि शक्तिवर्धक औषधांपासून तर अधिकच. काही छोट्या चाचण्यांत अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे आढळले आहे, तसेच तिने यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. ज्या रुग्णाचा सारा उपचार टेस्टोस्टेरॉन घटवण्यासाठी आहे आणि ज्याचे यकृत अबिराटेरॉनमुळे आधीच तपासणीखाली आहे, त्याने असे काही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

ज्याबद्दल तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही तो उपाय म्हणजे व्यायाम. आठवड्यातून एकूण १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन-तीन वेळा स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम केल्याने थकवा निश्चित कमी होतो, झोप सुधारते. हाडे आणि मधुमेह यांनाही फायदा होतो. ओरत्तनाडुच्या आसपास भातशेतीच्या बांधावरून सकाळी चालणाऱ्याला त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. कर्करोग हाडांत पसरला असेल तर मात्र वजन उचलण्यापूर्वी विचारणे आवश्यक आहे.

उरलेला भाग लेखणीचा. स्मरणावर भार टाकण्याऐवजी तो कागदावर टाकावा. एकच वही, एकच जागा. इंजेक्शनची तारीख, पुढची तारीख आणि पीएसए तपासणीचा आकडा त्यात लिहावा. किल्ल्या, चष्मा व औषधाचा डबा यांची जागा बदलू नये. अबिराटेरॉनची नेहमीची मात्रा रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर किमान दोन तासांनी आणि पुढील खाण्यापूर्वी किमान एक तास, घ्यावी लागते. मात्रा घेतली की नाही हे आठवत नसल्यास अंदाजाने दुसरी घेऊ नये. सात खणांचा डबा हा प्रश्नच मिटवतो. बँकेचे, जमिनीचे आणि मुलाबाळांच्या वाटणीचे महत्त्वाचे व्यवहार डोके ताजे असते त्या वेळी, बहुधा सकाळी, आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत करावेत. दूरध्वनीवरून गुप्त क्रमांक मागणाऱ्यांचे सोपे सावज अशाच अवस्थेतील वृद्ध ठरतात. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली तर दुचाकी बाजूला ठेवलेली बरी.

घरच्यांनीही वाक्य पूर्ण करण्याची घाई करू नये. शब्द सापडायला चार क्षण द्यावेत. मात्र गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला, बोलणे असंबद्ध झाले, ताप आला, तोंड वाकडे झाले किंवा आकडी आली तर ते बौद्धिक मांद्य समजून थांबू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम घटणे किंवा पक्षाघात यांपैकी काही असू शकते आणि रुग्णालय लगेच गाठावे लागते.

उपचार थांबवण्याचा किंवा बदलण्याचा प्रश्न कर्करोगतज्ज्ञांशीच बोलायचा आहे, आणि बोलण्यासारखे बरेच असते. किरणोपचारासोबत दिलेली इंजेक्शने साधारणतः सहा महिने ते दोन-तीन वर्षे चालतात. त्यांना शेवट असतो. केवळ पीएसए वाढल्यामुळे उपचार घेणाऱ्यांत मध्ये विश्रांती देऊन केलेला उपचार आयुर्मानाच्या दृष्टीने अखंड उपचारापेक्षा कमी ठरत नाही, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार दूरवर पसरलेल्यांबाबत २०१३ मधील मोठ्या चाचणीने तशी खात्री दिली नाही. गोळ्यांतही फरक आहे. एन्झालुटामाइड मेंदूत शिरते आणि त्याने थकवा व क्वचित आकडी येऊ शकते, तर डॅरोलुटामाइड मेंदूत फारच कमी पोहोचते. बदल शक्य आहे का, त्याचा खर्च किती आणि आजाराच्या दृष्टीने तो योग्य का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. इंजेक्शने संपल्यानंतर टेस्टोस्टेरॉन परत येण्यास महिने लागतात. वय अधिक आणि उपचार दीर्घ असेल तर वर्षाहूनही अधिक काळ जातो, काहींत ते पूर्वपदावर येतच नाही. वृषण काढलेल्या रुग्णात ते परत येणार नसते. अशा रुग्णाच्या बाबतीत झोप, रक्त, औषधे आणि मन यांची तपासणी एकदा करून भागत नाही, ती दर भेटीत व्हावी लागते. त्यासाठी घरून निघताना वही सोबत घ्यावी, आणि विस्मरणाची तक्रार पहिल्या ओळीवर लिहावी, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकी तीच विसरली जाते.