चार तारांमधला रंग

समजा, एक टोमॅटो काढायचाय. देठाजवळ पिवळट-हिरवा, एका कुशीवर पांढरी चकाकी, खाली टेबलाचा करडेपणा पोटावर उतरलेला. कागदावर ओला ब्रश फिरवला की हे रंग आपसूक एकमेकांत उतरतात. व्हेक्टर चित्रात ब्रश नसतोच. तिथे असतात बिंदू, वक्ररेषा आणि ‘या आकारात हा रंग भर’ असा हुकूम. मग एकाच आकारात चार-पाच रंग, वेगवेगळ्या दिशांनी, सांधा न दिसता मिसळायचे कसे? आजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘ग्रेडियंट मेश’ आहे. ते आलं कुठून, याचा मी माग काढत गेलो, तर चित्रकारांच्या आधी विमानवाले भेटले.

ॲडोबीचं इलस्ट्रेटर १९८७ साली आलं तेव्हा त्यात ग्रेडियंट नव्हतं. पुढच्या वर्षी ‘इलस्ट्रेटर ८८’मध्ये ब्लेंड टूल आलं. एक लाल आकार आणि एक पिवळा आकार द्या, मधल्या पायऱ्यांचे आकार सॉफ्टवेअर काढून देणार. लांबून गुळगुळीत, जवळून जिना. पायऱ्या कमी पडल्या की छपाईत पट्टे उठायचे. १९९३च्या पाचव्या आवृत्तीत खरं ग्रेडियंट मिळालं, पण दोनच तऱ्हांचं: सरळ रेषेत जाणारं, नाहीतर मध्यापासून गोल पसरणारं. सूर्यास्ताला ठीक. टोमॅटोवरचा उजेड त्यात बसत नाही.

याचं उत्तर तोवर तीसेक वर्षं जुनं झालं होतं, फक्त रंगाचा प्रश्न म्हणून ते कुणी लिहिलं नव्हतं. स्टीव्हन कून्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या पृष्ठभागांवर काम केलं होतं. पुढे ते एमआयटीत शिकवू लागले. इव्हान सदरलँडच्या सुप्रसिद्ध ‘स्केचपॅड’ प्रबंधाच्या समितीवरही ते होते. १९६७च्या अहवालात त्यांनी मांडलेली कल्पना मला अजूनही देखणी वाटते. चार वाकवलेल्या तारा टोकाला टोक जोडून एक चौकट करा. आता आत कापड ताणायचंय. आधी फक्त वरच्या-खालच्या तारांमध्ये सरळ दोरे ओढा: एक पृष्ठभाग मिळाला. मग फक्त डाव्या-उजव्या तारांमध्ये ओढा: दुसरा मिळाला. दोन्हींची बेरीज करा. बेरजेत चारही कोपरे दोनदा मोजले गेले, म्हणून कोपऱ्यांवरून सरळ ताणलेला तिसरा पृष्ठभाग वजा करा. झालं. चारही तारांना बरोबर चिकटलेलं कापड तयार. कोडमध्ये लिहायला गेलात तर जेमतेम दहा-बारा ओळी.

विमानाच्या पत्र्यासाठी एवढं पुरे होतं. पण कोपऱ्यांना जागेसोबत रंगही दिला, तर कापडाबरोबर रंगही ताणला जातो.

रंग असा ताणायची सवय यूटा विद्यापीठात लागली. आँरी गुरो यांनी १९७१ साली त्रिकोणांच्या टोकांवरचा उजेड मोजून मधला भाग भरून काढायची रीत दिली. (प्रयोगासाठी त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावर रेघा आखून फोटो काढले होते. पीएचडी ही घरातल्या सगळ्यांनाच करावी लागते.) त्याच विद्यापीठातून दोन वर्षं आधी जॉन वॉरनॉक डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले होते. ॲडोबीचे एक संस्थापक ते हेच. १९९७च्या पोस्टस्क्रिप्ट ३मध्ये छटा भरण्याचे सात प्रकार आले. त्यांत गुरोचे त्रिकोण होते आणि कून्सचा पॅचही, नावानिशी. वर्षभरात इलस्ट्रेटर ८मध्ये मेश टूल आलं. आकारावर जाळी टाकायची, प्रत्येक गाठीला रंग द्यायचा, गाठ ओढली की छटा सरकते.

काम किचकट आहे, हे कबूल. साधा टोमॅटोसुद्धा शेकडो गाठी मागतो आणि एक गाठ चुकली की गालावर सुरकुती पडते. पण त्या गाठी म्हणजे आकडे असतात. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करा की होर्डिंगएवढं, छटा फाटत नाही.

वेबवर मात्र घोडं अडलं. एसव्हीजी २च्या मसुद्यात मेश ग्रेडियंट होतं. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरने २०१७च्या ०.९२ आवृत्तीत ते देऊनही टाकलं. ब्राउझरवाल्यांनी उचललं नाही, आणि ते मसुद्यातून गळलं. व्यवहार म्हणून मला हा निर्णय कळतो. ज्याचे वापरणारे थोडे, ते फीचर वर्षानुवर्षं सांभाळणं महाग पडतं. पण फुकट सॉफ्टवेअरवर शिकणाऱ्या पोराचं चित्र त्यामुळे अडकतं. इंकस्केप अशा फाइलला जावास्क्रिप्टचा तुकडा जोडून देतं आणि तो तुकडा टोमॅटो पिक्सेलमध्ये रंगवतो. म्हणजे ज्यासाठी एवढी जाळी विणली, तेच गेलं.

गंमत अशी की तोच टोमॅटो कून्सच्या पॅचसकट पीडीएफमध्ये ठेवा आणि क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये उघडा. नीट दिसतो. ब्राउझरला तो पॅच रंगवता येतो. फक्त पीडीएफच्या दारातून आला तर.